खून कुणाचा, संशय कुणावर

मागचा महिनाभर मी फक्त खून वाचले. वाचले आणि ऐकले. रात्रपाळीच्या वॉचमनने दुसरं करायचं काय? बारा वाजता गेट लावलं की सकाळी दूधवाला येईपर्यंत मी, एक कुत्रं आणि मोबाईल. कानात एकच बोंडूक घालायचं, दुसरा कान गेटकडं. एम. ए. झालेला वॉचमन म्हणून सोसायटीतले लोक हसतात. हसू देत.

रहस्यकथा मला नवी नाही. बाप हमाल होता. रद्दीच्या गठ्ठ्यातून बाबूराव अर्नाळकर काढून आणायचा. स्वतःला वाचता येत नव्हतं, चित्र बघून आणायचा. धनंजय, छोटू, झुंजार, काळा पहाड. अर्नाळकरांनी अशी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली आणि आपल्या पांढरपेशा समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओट्यावर कधी बसवलं नाही. न बसवोत. आमच्या वस्तीतली पोरं अक्षराला चिकटली ती या पुस्तकांनी, खांडेकर-फडक्यांनी नव्हे. या महिन्यात चार पुन्हा वाचली. वेग अजून तसाच आहे, पान सुटत नाही. पण आपल्यासारखं कोणी त्यात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

मग वाटलं, हे असं का? तर या धंद्याचा नियमच तसा आहे. एस. एस. व्हॅन डाईन नावाच्या अमेरिकन लेखकाने 1928 साली रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यातला एक असा, की नोकराला गुन्हेगार करू नये. ते फार सोपं होतं म्हणे. गुन्हेगार कसा, चांगला वजनदार माणूस पाहिजे, ज्याच्यावर एरवी संशय जाणार नाही असा. वाचून मला आधी बरं वाटलं, आपण सुटलो! मग ध्यानात आलं. नोकरावर संशय आधीच गेलेला असतो, म्हणून त्यात रहस्य उरत नाही. आणि दुसरं, चोर व्हायलासुद्धा वजन लागतं, ते आमच्याकडं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. आधीच्या नोकरीत एका बिल्डिंगमध्ये पाटल्या गेल्या. डिटेक्टिव्ह आला नाही, हवालदार आला. भिंगातून कोणी काही बघितलं नाही. मला आणि भांडीवाल्या मावशींना चौकीत नेऊन दिवसभर बसवलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात राहता कुठं तेही विचारलं. संध्याकाळी पाटल्या त्यांच्याच कपाटात साडीच्या घडीत सापडल्या. रहस्य उलगडलं. मावशींचा दिवसाचा पगार कापला गेला, कारण त्या दिवशी भांडी घासली गेली नव्हती.

हे डोक्यात असतानाच मी विल्की कॉलिन्सचं ‘द मूनस्टोन’ ऐकलं. लिब्रिव्हॉक्स म्हणून एक काम 2005 पासून चालू आहे. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं लोक हौसेने वाचून फुकट ठेवतात. ही कादंबरी 1868 ची, इंग्रजीतल्या पहिल्या मोठ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतली. 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एक इंग्रज अधिकारी देवाचा हिरा लुटतो. तो हिरा पुढं इंग्लंडात एका तरुण बाईला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. तो परत न्यायला तीन ब्राह्मण डोंबाऱ्यासारख्या खेळवाल्यांचं सोंग घेऊन आलेले असतात.

इथं कान टवकारले. समुद्र ओलांडला, खेळवाल्याचे कपडे घातले, म्हणून या तिघांची जात गेली. केवढा हा त्याग, असं कादंबरीतला हिंदुस्थान फिरून आलेला साहेब सांगतो. शेवटी सोमनाथजवळ ते तिघं प्रायश्चित्त म्हणून कायमचे तीन दिशांना जातात आणि लेखक हळवा होतो. मला विचारायचंय, सोंगातला डोंबारी एवढा दुःखी, तर जन्माच्या डोंबाऱ्याचं काय? त्याचं उत्तर कॉलिन्सकडं नाही, सरकारकडं होतं. कादंबरीनंतर तीन वर्षांनी, 1871 साली, याच इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्खी जमातच जन्माने चोर. नाव नोंदवा, हजेरी द्या. 1911 च्या कायद्यात बोटांचे ठसेही आले. डिटेक्टिव्ह कथेत ठसा गुन्ह्यानंतर घेतात, इथं आधीच घेऊन ठेवला. तो कायदा देशभर उठला 31 ऑगस्ट 1952 ला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ या कादंबरीशेजारी ठेवून वाचा. तेही चोरीचंच पुस्तक, फक्त दाराच्या दुसऱ्या बाजूने लिहिलेलं.

पण माझा जीव अडकला तो रोझॅना स्पिअरमनमध्ये. घरातली मोलकरीण, एक खांदा वाकडा, पूर्वी चोरी करून शिक्षा भोगलेली. हिरा गेला की तपास तिच्याभोवती फिरू लागतो. तिला ठाऊक असतं की रंग लागलेला सदरा घरातल्या साहेबाचा आहे. तिचा त्याच्यावर जीव. ती सदरा लपवते, आणि तो तर तिच्याकडं बघतही नाही. शेवटी ती समुद्रकाठच्या हलत्या वाळूत जीव देते. ही कादंबरी अनेक जण आळीपाळीने सांगतात. कारभारी, वकील, डॉक्टरचा मदतनीस, देवधर्मवाली म्हातारी कुमारिका. रोझॅनाला पाळी येते ती मेल्यावर, पत्रातून. कॉलिन्सने निदान पत्र तरी दिलं, हे मान्य केलं पाहिजे. त्या काळच्या मानाने थोडकं नाही. पण बोलायला मरावं लागतं ही अट तशीच राहिली.

आईला वाचता येत नाही. रोज सकाळी चहा पिताना तिला रात्रीचा भाग सांगायचो. रोझॅना मेली तेव्हा ती म्हणाली, “आन् त्या सायबानं काय केलं?”

“आये, त्याला वाईट वाटलं. मग त्याचं त्या मालकिणीच्या पोरीसंगं लगीन झालं.”

“व्हनारच,” आई म्हणाली, आणि कप विसळायला घेतला.

तिच्यासाठी मोबाईलवर मराठी रहस्यकथाही लावून दिल्या. आईसारखीला ही ऐकायची पुस्तकं म्हणजे मोठीच गोष्ट आहे, ते मी नाकारत नाही. पण वाचणाऱ्यांचे आवाज ऐका. इन्स्पेक्टर शुद्ध पुणेरी, डॉक्टर शुद्ध, खुनीसुद्धा शुद्ध. गडी किंवा मोलकरीण आली की आवाज एकदम वाकडा होतो, ‘व्हय जी, न्हाय जी’, आणि मागं गमतीची टुणटुण. छापलेल्या पानावर मी त्या गड्याला माझा आवाज देऊ शकत होतो. इथं तो त्यांनी आधीच देऊन टाकलाय. आई म्हणाली, “ह्ये आपल्यावानी बोलत न्हाईत, आपली नक्कल करत्यात.” एवढी नेमकी समीक्षा मी एम. ए.ला कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

शेवटचा आठवडा चेस्टर हाईम्सचा. फूटपाथवर इंग्रजीत दोन मिळाली. हा काळा माणूस 1928 साली, एकोणीसाव्या वर्षी, दरोड्यासाठी वीस ते पंचवीस वर्षांच्या सजेवर तुरुंगात गेला. तुरुंगातच लिहायला लागला, 1936 ला सुटला. मायदेशात भाव मिळेना म्हणून फ्रान्सला गेला आणि तिथल्या प्रकाशकाच्या सांगण्यावरून हार्लेमच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिल्या. ब्लॅक पँथरवरून आपण 1972 ला नाव घेतलं. त्यांचे कवी वाचले, नेते वाचले, पण हा वाचायचा राहून गेला. कदाचित हलकं साहित्य म्हणून. म्हणजे सोवळं आपणही पाळलंच.

त्याचे कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर हे दोघे काळे पोलीस. देव नव्हेत, आपल्याच लोकांना गुरासारखे बडवतात, आणि वर गोऱ्या साहेबाचं ऐकतात. मला ते आवडत नाहीत. पण रस्ता, भूक, देवाच्या नावाने लुटणारा भोंदू, सगळं आतून पाहिलेलं आहे. 1969 च्या ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’मध्ये तर एका गोऱ्याचा खून होतो आणि या दोघांना तपास पुढं नेऊच देत नाहीत. गुंता सुटत नाही. वस्ती पेटते. एक आंधळा पिस्तूल घेऊन दिसेल तिकडं, म्हणजे न दिसेल तिकडं, गोळ्या घालतो. पुस्तक संपतं.

आईला तेही सांगितलं.

“मंग खुनी कोन?”

“सापडला न्हाई.”

“कुणाला धरून बसवलं का न्हाई चौकीत?”

“बसवलं की. लई जनांना.”

“मंग बराबर हाय,” ती म्हणाली. आता दुसरं लाव म्हणते. ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ अर्धं झालंय. त्यात कापसाची एक गासडी आहे आणि सगळे तिच्या मागं लागलेत. कापूस म्हटल्यावर आईने विचारलं, वेचायची मजुरी काय होती तिकडं? ते आज रात्री बघून सांगतो.