फडातलं एक वळण

भरलेली ट्रॉली उसाच्या फडातून बाहेर काढणं ही बघत उभं राहण्यासारखी गोष्ट आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी बांधावर उभा असायचो तो खेपेची घाई करायला. मागच्या हंगामात करकंबच्या शिवारात एका ड्रायव्हर तात्यांनी काढलेली खेप मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. जेमतेम दहा मिनिटांचं काम. पण ठुमरीतली एखादी जागा पुन्हा पुन्हा ऐकावी, तसं ते मी मनात परत परत लावून बघतो. रसग्रहण कवितेचंच करावं असा काही कायदा नाही.

आमची जमीन काळी. उजनीचं पाणी आल्यापासून ऊस वाढला आणि त्याच्याबरोबर चिबडही वाढलं. ही माती वाळली की तिच्या भेगांत हात जातो. भिजली की टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की नवा टायरही गुळगुळीत होऊन जातो. त्या दिवशी ट्रॅक्टरचं मागचं डावं चाक वरंब्याच्या कोरड्या मातीवर होतं आणि उजवं सरीतल्या राड्यात. क्लच सोडला की उजवं जागेवर गरगरायचं, डावं ढिम्म. पुढं वीस-पंचवीस फुटांवर बांध आणि बांधाला लागूनच उजवीकडं वळण. मागं टोळीनं आभाळापर्यंत रचलेली ट्रॉली.

मडगार्डवर बसलेला पोरगा ओरडला, "तात्या, लॉक दाबा की!"

"दाबू की. आधी पुढची चाकं कुठं बघत्यात ते बघ."

पुढची चाकं वळणाकडं बघत होती. घाईत तात्यांनीच ती आधी वळवून ठेवली होती. त्यांनी रेस सोडली, चाकं सरळ केली आणि खाली उतरले. खोऱ्यानं राड्यातल्या चाकापुढची माती ओढली, कवेत मावेल एवढं पाचट दोनदा आणून अंथरलं. वर चढले. क्लच दाबला, चाक पूर्ण थांबलं आहे याची मान वळवून खात्री केली आणि मग उजव्या टाचेनं लॉकचं पॅडल दाबलं. खालून 'खट्' असा आवाज आला. क्लच इंचाइंचानं सुटला, दोन्ही चाकं जोडीनं फिरली, पाचट करकरलं, ट्रॉली हलली. बांध अजून सहा-सात फूट पुढं असतानाच तात्यांनी टाच उचलली. ट्रॅक्टर कोरड्यावर सरळ उभा राहिला, क्षणभर थांबला आणि मग वळला.

त्या खेपेतली माझी आवडती जागा टाच उचलण्याची. लॉक कधी दाबायचं हे कुणालाही कळतं. चाक फिरायला लागलं की पोरगंही ओरडून सांगतं. ते कधी सोडायचं हे मात्र कुणी ओरडून सांगत नाही.

त्यासाठी लॉक नसतं तेव्हा काय चालतं ते बघायला हवं. बैलगाडीला हा प्रश्नच नव्हता. तिचा आख जागेवर आणि चाकं त्याच्यावर मोकळी; वळताना आतलं चाक सावकाश फिरतं, बाहेरचं पळतं, मधे फक्त वंगण. इंजिनाच्या गाडीत चाकांना आसातूनच फिरवायचं असतं, म्हणून अडचण. दोन चाकांत दीड मीटरचं अंतर धरलं, तर एक पुरा गोल फिरताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 9.4 मीटर जास्त धावतं. काटकोनातल्या वळणाला साधारण 2.36 मीटर. गंमत अशी की वळण अरुंद असो वा ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. तो पोटात घालणारी दातेरी चाकांची रचना, म्हणजे डिफरन्शियल, ओनेसिफोर पेक्योर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं 1820 च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी योजली. घड्याळजीच्याच डोक्यातून यावी अशी ती नाजूक गोष्ट आहे.

तिची खोड चिखलात कळते. 'सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडं जाते' असं आपण म्हणतो, ते खरं नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. राड्यातल्या चाकाला फिरायला जोर लागतोच किती? नखाएवढा. मग कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, आणि नखाएवढ्या जोरावर उसाची ट्रॉली हलत नाही. लॉक दाबलं की दोन्ही चाकं एका दांड्यावर बसवल्यासारखी होतात. आता ज्याची पकड, त्याच्याकडं जोर. तात्यांचा ट्रॅक्टर निघाला तो यामुळं. पण त्याच क्षणी 2.36 मीटरचा हिशोब पोटात घालणारं कुणी उरलं नाही. वळलात तर तो टायर घासून किंवा लोखंड पिळून भागवावा लागतो.

ट्रॅक्टरचं हे लॉक मागच्या आसाला असतं. मागची चाकं वळत नाहीत, म्हणून तिथली चूक पुष्कळदा टायरच्या घासण्यावर निभावते. पुढच्या आसाला लॉक असलं तर गोष्ट फार वेगळी होते, आणि खरं कसब तिथंच दिसतं. अशी गाडी आपल्याकडं परकी नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढं आणि मागं अशी दोन्ही लॉकं कंपनीतूनच येतात. नाशिकला बनणाऱ्या थारला लॉक मिळतं ते फक्त मागं, आणि चाकं वेगवेगळी फिरू लागली की ते आपलं आपण लागतं. गुरखात ते ड्रायव्हरनं हातानं लावायचं आणि हातानंच सोडायचं. माझं मत विचाराल तर मला हाताचं बरं वाटतं. ज्याला सोडायचं माहीत आहे, त्याच्याच हातात लावणं असावं.

पुढच्या आसाला चाक ओढायचंही असतं आणि वळायचंही. त्यामुळं तिथला एक्सल एकसंध नसतो, चाकाजवळ त्याला सांधा असतो. कुठं क्रॉसचा, कुठं गोळ्यांचा. माणूस गुडघा वाकवून ओझं उचलतो तसं या सांध्याचं होतं. सरळ असताना जे पेलतं ते वाकल्यावर पेलवत नाही. क्रॉसच्या सांध्याची आणखी एक खोड आहे. तो 30 अंशांत वाकवून फिरवला, तर पुढचा तुकडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा त्याचा वेग 0.87 पटीपर्यंत उतरतो आणि दोनदा 1.15 पटीपर्यंत चढतो. म्हणजे स्टेअरिंग पुरं तोडून रेस दिली की क्रॉसवर नुसता जोर येत नाही, हिसके बसतात.

आता जोर किती, ते बघू. धरून चला, इंजिनाचा पीळ 250 न्यूटन मीटर. पहिला गिअर 4 पट, लो रेंज अडीच पट, क्राउन-पिनियन 4 पट. चाकांपाशी एकूण झाले 10,000. चारही चाकं सारखी टेकलेली असतील तर एकेकाच्या वाट्याला 2,500. पुढचं लॉक लावलं आणि पुढचं एक चाक हवेत असलं, तर दुसऱ्या चाकाच्या एक्सलवर 5,000. मागची चाकंही निसटलेली असली, तर हिशोबानं सगळे 10,000 पुढच्या त्या एकाच एक्सलवर येऊ शकतात. अर्थात एवढा जोर यायला टायरला तेवढी पकड लागते. म्हणून चिखलात किंवा वाळूत एक्सल सहसा वाचतो. टायर निसटतो आणि सुटका होते. दगडावर टायर निसटत नाही. तिथं एक्सल निसटतो.

स्टेअरिंगचं दुखणं वेगळंच. लॉक झालेल्या पुढच्या आसाला फक्त सरळ जायचं कळतं. तुम्ही चाक वळवता, आस ऐकत नाही, गाडी नाकासमोर चालत राहते. मग तुम्ही आणखी वळवता. साध्या स्टेअरिंगला मनगट तरी सांगतं की आता बास. पॉवर स्टेअरिंगला मनगट नसतं. तेलाच्या दाबावर ते ढकलत राहतं आणि मधे सापडलेला टायरॉड धनुष्यासारखा वाकतो. त्यातच एका चाकाला अचानक पकड मिळाली की स्टेअरिंगला असा झटका बसतो की जुने लोक अंगठे चाकाच्या आत कधी अडकवत नाहीत.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्याच घरची गोष्ट सांगतो. गेल्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा गाडी घेऊन आला होता. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. पुढचं लॉक त्यानं मागाहून बसवून घेतलेलं. ओढ्यातून वर येताना पुढचं एक चाक अधांतरी राहिलं, दुसरं दगडाला भिडलं. त्यानं स्टेअरिंग पुरं तोडलं होतं. तसंच लॉक लावलं, तसाच पाय दाबला. अधांतरी चाक फिरता फिरता खाली टेकलं, गाडी उसळली आणि वाळलेली काठी मोडावी तसा आवाज आला. टोचन लावून ट्रॅक्टरनं ती वाटेला आणली. मिस्त्रींनी खोललं तेव्हा क्रॉसच्या एका कपाचा भुगा झाला होता, योकचे कान फाकले होते आणि टायरॉडला बाक आला होता.

"मामा, लॉक तर असल्याच जागेसाठी असतं ना?" भाचा रडवेला होऊन मला विचारत होता.

मिस्त्रींनी मान वर न करता उत्तर दिलं. "जागा बरोबर होती हो. स्टेरिंग जड झालं तवाच गाडीनं सांगितलं हुतं. तुमी ऐकलं न्हाई."

मग कपाचे तुकडे एका फडक्यात बांधून त्यांनी भाच्याच्या हातात दिले. मला वाटतं, त्या पुडीइतकी चांगली शिकवणी त्याला कुठल्याच वर्गात मिळाली नसती.

ओढ्यातली ती गाडी आणि फडातला ट्रॅक्टर शेजारी ठेवले की तात्यांच्या साध्या दिसणाऱ्या हालचाली बोलू लागतात. रेस आधी सोडली, कारण फिरत्या चाकावर लॉक लावलं की दात दातावर आदळतात. चाकं सरळ केली, म्हणजे लॉकला फक्त ओढायचं काम राहिलं. खोरं आणि पाचट आधी वापरलं, म्हणजे जो जोर लोखंडावर पडला असता त्यातला बराचसा मातीनंच कमी केला. पुढच्या लॉकच्या गाडीलाही हाच क्रम लागू आहे: आधी वाट नीट करा, टायरची हवा थोडी उतरवा, मग मागचं लॉक, आणि पुढचं अगदी शेवटी. पुढचं लावाल ते सरळ चाकावर, लो रेंजमध्ये, पाय हलका ठेवून. वळायचं असेल तर थांबा, सोडा, मग वळा. वळणावरच अडकलात तर थोडं मागं घ्या, चाकं सरळ करून पुन्हा पुढं या. रिव्हर्सलाही नियम तोच. उलट मागं येताना स्टेअरिंग तोडून रेस देण्याचा मोह जास्त होतो.

एक बारकावा तर मला तिसऱ्यांदा आठवताना लक्षात आला. टाच उचलली तरी पॅडल लगेच वर आलं नव्हतं. एक्सलमध्ये पीळ उरलेला असला की लॉकचे दात एकमेकांना धरून बसतात. स्प्रिंग बिचारी एकटी काय करणार? अशा वेळी नवखा माणूस 'सुटलं असेल' असं धरून वळतो, आणि तिथंच मोडतं. तात्यांनी रेस सैल केली, स्टेअरिंग बोटभर डावीकडं, बोटभर उजवीकडं हलवलं, आणि मान खाली घालून पॅडलकडं पाहिलं. ते टक्कन वर आलं. मगच वळले. लॉकचा दांडा हातात असलेल्या गाडीतही दांडा पाडला म्हणजे लॉक सुटलं असं नव्हे.

रसग्रहणात दोषही दाखवावा लागतो, नाहीतर ती जाहिरात होते. तात्यांच्या पॅडलच्या बाजूला एक लाकडी गुटका सुतळीनं बांधलेला होता. तो कशासाठी, हे मी विचारलं नाही. करकंबला लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. लांबच्या राड्यात टाच दुखते, मग गुटका खोचून पॅडल दाबूनच ठेवतात. एवढ्या नाजूक कामाला एवढी ओबडधोबड सोय! गुटका खोचला की टाचेचं सगळं शहाणपण त्या लाकडाकडं जातं, आणि लाकडाला वळण दिसत नाही. त्या दिवशी त्यांनी तो वापरला नाही, पण काढूनही टाकला नव्हता. सुतळी नवी होती.

ट्रॉली संध्याकाळी काट्यावर गेली. भाच्याच्या गाडीला नवा क्रॉस, नवा टायरॉड आणि नवं योक पडलं. तात्यांच्या ट्रॅक्टरचं क्राउन-पिनियन अजून जुनंच आहे.