पंधरा वर्षांचा राजा

विज्ञानकादंबरी म्हटली की याने आणि यंत्रमानव डोळ्यांपुढे येतात. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या ‘ड्यून’ (१९६५) मध्ये मात्र विचार करणाऱ्या यंत्रांना बंदी आहे. काळ हजारो वर्षांनंतरचा, पण व्यवस्था सरंजामी : सम्राट, घराणी, जहागिऱ्या आणि पिढीजात वैर. अराकिस या वाळवंटी ग्रहाची जहागीर ॲट्रायडीज घराण्याकडे येते. तेथेच सापडणाऱ्या ‘मसाल्या’वाचून ग्रहाग्रहांमधील दळणवळण थांबेल, म्हणून त्या वाळूवर साऱ्यांचा डोळा. दगाफटका होतो, ड्यूक लेटोचा अंत होतो आणि पंधरा वर्षांचा पॉल आईसह वाळवंटात परागंदा होतो. राज्य जाते; बापाची अंगठी तेवढी उरते.

शिक्षकाच्या नजरेला प्रथम दिसते ते या मुलाचे शिक्षण. आईने त्याला मनावर व शरीरावर ताबा ठेवायला शिकविले, हवाटने राजकारणाचे हिशेब शिकविले, गर्नी हॅलेकने शस्त्र. डॉक्टर युए हेही त्याचे गुरू, आणि घात होतो तो त्यांच्याच हातून. इतके शिकलेला मुलगा अननुभवी कसा? याचे उत्तर एका प्रसंगात आहे, आणि माझ्या मते कादंबरीचा गाभा तोच.

वाळवंटातील फ्रेमन टोळीत जामिस नावाचा योद्धा पॉलला द्वंद्वाचे आव्हान देतो. पॉलने आजवर उघड्या पात्याने माणूस मारलेला नाही. ढालीच्या अदृश्य कवचाविरुद्ध शिकल्यामुळे त्याचा शेवटचा वार मंदावतो. बघ्यांना वाटते, हा जामिसला खेळवतो आहे. रिवाज ठाऊक नसल्याने तो ‘हार मानतोस का?’ असे विचारतो. त्यांना ती क्रूर थट्टा वाटते. पुढे मृताला निरोप देताना पॉलच्या डोळ्यांत पाणी येते. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे ते लोक चकित होतात : हा मेलेल्याला पाणी देतो! पोराचे अडखळणे आणि पोराचे रडणे यांतून अवताराची कथा सुरू होते. अशा अवताराचे भाकीत एका धर्मसंघाने आपल्या सोयीसाठी तेथे आधीच पेरून ठेवलेले असते.

आपल्या वाचकाला येथे रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आठवेल. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेला माधवराव आपण जीव लावून वाचला. देसाई त्या तरुण धन्यावर आपले प्रेम जडवतात आणि शेवटपर्यंत ते टिकवतात. हर्बर्टही आधी तेच करतो. मग त्याच प्रेमाची धास्ती वाटायला लावतो. अखेरीस पॉल जिंकतो, सम्राटपद त्याच्या हाती येते. पण तत्पूर्वी स्टिलगारकडे पाहताना त्याला उमगते की आपला मित्र हरवला, त्याच्या जागी एक भक्त उभा आहे. मला या विजयापेक्षा ती नजर अधिक लक्षात राहिली.

दोषही आहेत. प्रत्येक पात्राच्या मनातले लेखक लगेच सांगून टाकतो, त्यामुळे कटकारस्थानातील उत्कंठा कमी होते. खलनायक बॅरन एकरंगी आहे. परिभाषा इतकी की शेवटी शब्दकोश जोडावा लागला आहे. मोठी उणीव म्हणजे पॉलला आतून प्रश्न विचारणारे जवळजवळ कोणीच नाही. २०२४ च्या चित्रपटात दिग्दर्शक डेनी व्हिलनव यांनी ते काम चानीला दिले. कादंबरीतील चानी पॉलच्या पाठीशीच उभी आहे. म्हणूनच अनेकांनी ही सरळ पराक्रमगाथा म्हणून वाचली असावी. ‘ड्यून मसाया’ (१९६९) या पुढच्या भागात हर्बर्टने हिशेब मांडला : पॉलच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली. हे दोन्ही भाग एकत्रच वाचावेत.

शाळांतून आम्ही नेतृत्वगुणांची बक्षिसे वाटतो. पॉलला ती सगळी मिळाली असती. पुस्तक मिटल्यावर मला वाटले, स्टिलगारसाठी आमच्याकडे कोणता धडा आहे? मित्राला ‘हे चुकते आहे’ असे तोंडावर सांगणाऱ्या मुलाला आम्ही आजवर व्यासपीठावर बोलावलेले नाही. उलट, बहुधा वर्गाबाहेरच उभे केले आहे.