सुरतेचा खटला आणि ताराबाईंचा निबंध

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधाचा विषय निघाला की आपल्याला बुलढाणा आठवते, पुणे आठवते, महात्मा फुले आठवतात. सुरत सहसा आठवत नाही. वास्तविक या निबंधाचे निमित्त आपल्याच परिसरातले. ओलपाडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. परंतु त्या एका प्रकरणावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा मांडला. त्याला वऱ्हाडातल्या एका मराठा स्त्रीने दिलेले उत्तर १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले.

हे पुस्तक आम्ही अलीकडे पुन्हा वाचले. आरंभी अडखळायला होते. मुद्द्यांची पुनरुक्ती आहे, विषयांतरे आहेत, संताप आवरलेला नाही. मात्र थोडे पुढे गेल्यावर ध्यानात येते, की ही सभेतली भाषा नसून माजघरातली आहे. आजवर दाराआड बोलले गेलेले येथे प्रथमच छापखान्यापर्यंत पोहोचले आहे. तिच्यामागे तर्कही पक्का आहे. स्त्रियांना दूषणे देणारा भर्तृहरीचा श्लोक घेऊन ताराबाई एकेका दूषणाचा समाचार घेतात आणि ते पुरुषांनाच कसे लागू पडते ते दाखवतात. ‘मंजुघोषा’सारख्या तत्कालीन कादंबऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. मराठीतील स्त्रीने केलेल्या साहित्यसमीक्षेचा आरंभ येथे मानावा, असे आमचे मत आहे.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. जिच्यामुळे लेखणी उचलली गेली, ती विजयालक्ष्मी या पुस्तकात फारशी भेटत नाही. ताराबाई तिच्या अपराधाचे मूळ समाजरचनेत शोधतात, हे न्याय्यच; पण तिचे स्वतःचे म्हणणे आपल्याला ऐकू येत नाही. ती गुजराती होती. तिच्यासाठी रागावली ती मराठी स्त्री. या दोन भाषांच्या मध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तरी हे नाते ओळखायला हवे होते.

फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. तरीही निबंध विस्मृतीत गेला, डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशित करेपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. आपल्या घरोघरच्या कपाटांत हरिभाऊ आपटे जपले गेले, केशवपनाच्या कथा वाचून डोळे पुसले गेले. त्याच काळात त्याच घरांतल्या आलवणातल्या आत्या-मावश्या मात्र स्वयंपाकघराबाहेर क्वचितच दिसल्या. त्यांची नावेही आज आपल्यातील पुष्कळांना सांगता येणार नाहीत.

म्हणून हे वाचन केवळ जुन्या ग्रंथाचा गौरव ठरू नये. नर्मदाच्या या शहरात मराठी आणि गुजराती वाचकांनी हा निबंध एकत्र बसून वाचावा, आणि वाचनाचा आरंभ ओलपाडच्या त्या मुलीचे नाव घेऊन करावा.