उपदेशाचा अधिकार कोणाचा?

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षुणीसंघाच्या स्थापनेची कथा आहे. महाप्रजापती गौतमीने प्रव्रज्या मागितली, आनंदाने रदबदली केली आणि आठ गुरुधम्मांच्या अटीवर संघ उभा राहिला. पहिल्या नियमानुसार उपसंपदेला शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही आजच उपसंपदा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे. आठव्या नियमाने भिक्षुणीने भिक्षूला उपदेश करण्यासच मनाई आहे. हे दाखवून विरोधक विचारतात, मग मनूत आणि तुमच्यात फरक तो काय? आपले काही कार्यकर्ते या प्रश्नावर गप्प बसतात. ही चुप्पी मला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर निबंध लिहिला. स्त्रीचे दर्शनही टाळा, हे आनंदाला बुद्धाने सांगितल्याचे वचन त्यांनी भिक्षूंनी मागाहून घुसडलेले म्हणून नाकारले. कसोटी एकच होती: हे बुद्धाच्या एकंदर आचरणाशी जुळते काय? भिक्षुणीसंघ भिक्षूंच्या देखरेखीखाली ठेवण्याचा खुलासा मात्र त्यांनी व्यवहाराच्या अंगाने केला. नवख्यांना शिकवणार कोण, तर आधीचे भिक्षू. माझे म्हणणे असे की, व्यवस्था शिक्षणापुरती असेल तर शिक्षण पुरे होताच ती संपावी. शंभर वर्षांनंतरही न संपणारी व्यवस्था ही शिक्षणाची नव्हे, उतरंडीची आहे. म्हणून बाबासाहेबांचीच कसोटी गुरुधम्मांना लावली पाहिजे.

ती लावताच विसंगती दिसते. सहावा नियम दोन वर्षे शिकणाऱ्या उमेदवार स्त्रीने दोन्ही संघांकडून उपसंपदा घ्यावी असे सांगतो. कथेत तर भिक्षुणीसंघ अजून जन्मलेलाच नाही! दुसरीकडे मज्झिम निकायात धम्मदिन्ना विशाखाच्या प्रश्नांना उत्तरे देते आणि बुद्ध म्हणतात, मीही हेच सांगितले असते. खेमा राजा पसेनदीला उपदेश करते. हे दोघे भिक्षू नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. पण जिचे उत्तर बुद्धाचेच उत्तर ठरते, तिच्यापुढे कालच्या भिक्षूचा मोठेपणा कोणता?

थेरीगाथेतली पुण्णा तर पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने मुक्ती मिळत असेल तर मासे-बेडूक आधीच स्वर्गात गेले असतील ना? पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या समाजाला या गाथेचे मोल निराळे सांगायला नको. जात आणि लिंग या दोन्ही उतरंडी इथे एका दासीच्या तर्कापुढे कोसळतात.

१९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला भिक्षुणींची उपसंपदा झाली, थेरवादातील खंडित परंपरा पुन्हा सुरू झाली. आपल्या अनेक विहारांत मात्र वर्गणी गोळा करणारी, सतरंजी अंथरणारी बाई असते आणि प्रवचनाला उभा राहतो तो पुरुष. यासाठी कोणी चुल्लवग्ग वाचलेला नसतो. जुनी सवयच पुरेशी असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ज्या उतरंडीतून बाहेर पडलो, तिचीच एक पायरी विहारात शिल्लक ठेवायची काय? पुण्णेच्या लेकींना प्रवचनाची जागा दिली पाहिजे, आणि पुरुषांनी समोर बसून ऐकायला शिकले पाहिजे.