आवाज मराठी, पडदा इंग्रजी

मुक्त सॉफ्टवेअर आणि शिक्षण म्हटलं की चर्चा लगेच परवान्यावर जाते. फुकट आहे का, सोर्स कोड खुला आहे का, वगैरे. आज आपण दुसऱ्या बाजूने बघू. शिकणाऱ्याच्या कानावर काय पडतं आणि त्याच क्षणी डोळ्यांसमोर काय असतं? उदाहरण घेऊ आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चं.

प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प उभा राहिला. लिब्रेऑफिस, सायलॅब, लाटेक, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअर आणि साधारण १० मिनिटांचा एकेक व्हिडिओ. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचं आणि बघत बघत स्वतः करत जायचं. शेजारी शिक्षक नसला तरी अडू नये, अशी सगळी मांडणी. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. तालुक्याच्या कॉलेजात लाटेक शिकवणारं माणूस आणायचं तरी कुठून?

मराठी आवृत्ती होते ती आवाज बदलून. चित्र तेच, मेनू इंग्रजीतच. नोकरीत इंग्रजी पडदाच समोर येणार, त्याची सवय हवी, असं प्रकल्पाचं म्हणणं. ते आम्हाला पटतं. गोची आहे ती वाक्यरचनेत.

इंग्रजी सूचनेत 'क्लिक' आधी येतं, कुठे ते नंतर. आपण म्हणतो, 'वरच्या पट्टीतल्या इन्सर्ट मेनूवर क्लिक करा.' आधी जागा, शेवटी क्रिया. खरं तर हाताने काम शिकताना हाच क्रम सोयीचा. डोळा जागेवर पोचतो, मग बोट दाबतं! पण चित्रण झालंय इंग्रजी निवेदनाच्या चालीवर. म्हणून 'क्लिक करा' ऐकू येईपर्यंत पडद्यावर मेनू उघडून बाण पुढे सरकलेला असू शकतो. शब्द आणि त्याचं चित्र एकाच वेळी यावं, हे रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून मांडलेलं तत्त्व, आणि इथे नेमकं तेच निसटतं. शिवाय तेवढ्याच सेकंदांत वाक्य बसवायचं, म्हणजे अनुवादकाने शब्द छाटायचे.

कुणी म्हणेल, व्हिडिओ थांबवता येतो की. येतो ना. पण कुठे थांबवायचं हे कळायला थोडं आधीच येत असावं लागतं.

हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, सॉफ्टवेअरही मुक्त आहे. मराठी संहिता घेऊन पडदा नव्याने चित्रित करायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. मूळ श्रेय द्यायचं आणि नवा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा, बस्स. आपण मात्र ही मोकळीक वापरली ती आवाजापुरतीच. एखाद्या कॉलेजने लिब्रेऑफिसचा एकच धडा घ्यावा. संहिता मराठीत वाचत, तिच्या चालीवर माउस हलवत तो चित्रित करावा. मग निम्म्या वर्गाला जुना व्हिडिओ द्यावा, निम्म्याला हा, आणि कोण किती वेळा मागे जाऊन बघतं ते मोजावं.