कवितेत पाहायचं काय?

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे ठरलेले, आणि गाइडमध्ये त्यांची उत्तरंही तयार. शाळकरी मुलांना काहीतरी आधार हवा, हे मान्य. पण पुढे एम.ए.ला, पीएच.डी.ला आणि थेट मासिकांतल्या परीक्षणांतही तोच साचा मोठ्या नावांनी भेटतो: निसर्गजाणीव, स्त्रीजाणीव, ग्रामजाणीव. आजच्या मराठी काव्यसमीक्षेचं दुखणं मला इथंच दिसतं. कविता वाचायच्या आधीच तिच्यात काय शोधायचं हे ठरलेलं असतं, आणि मग ते सापडतंच.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. जेमतेम आठ ओळी, पण पिढ्यान् पिढ्या समीक्षक तिच्याकडे परत येत राहिले. कुणाला ते निव्वळ निसर्गचित्र वाटतं. कुणी औदुंबर हे दत्ताचं झाड म्हणून त्यात विरक्त योगी पाहतो. कुणी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेलेल्या कवीचं मरण कवितेतल्या काळ्या डोहात वाचतो. हे शेवटचं वाचन मला अजिबात पटत नाही. अपघात कवितेनंतरचा, तो कवितेत शोधणं म्हणजे मागचं उत्तर पाहून गणित मांडणं.

मग पाहायचं काय? कवितेत जिथं काही बदलतं, तिथं थांबायचं. इथं आधी सगळी चाल आहे. झरा वाहतो, पायवाट शेतमळ्यांतून आडवीतिडवी निघते आणि कुरणं ओलांडून डोहाकडे जाते. हिरव्यानिळ्या रंगांतून, पांढऱ्या वाटेवरून नजर काळ्या पाण्यावर येते. सातव्या ओळीत ते पाणी झाकोळतं, आणि आठवीत पहिल्यांदा कुणीतरी बसलेलं दिसतं. त्याचं नाव तर कवितेचा अगदी शेवटचा शब्द. गाव पलीकडे टेकडीपाशीच राहिलं. एवढ्या लांबच्या वाटेवर माणूस एकही नाही. उदासी असेल तर ती या थांबण्यात आहे. विरक्तीही इथूनच उलगडते, ती दत्तसंप्रदायातून आणून चिकटवावी लागत नाही. शिवाय पाण्यावरच्या त्या काळिम्याला कवीनं गोड म्हटलंय. मरण शोधणारा वाचक नेमका तेवढाच शब्द ओलांडून पुढं जातो.

कवितेतूनच निघालेलं एक सूत्र धरून केवढी मजल मारता येते, हे म. वा. धोंडांनी दाखवलं. ज्ञानेश्वरीच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथांचे ढीग पडलेले असताना त्यांनी ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ लिहिलं आणि तेराव्या शतकातलं रोजचं जग अभ्यासाच्या मध्यभागी आणलं. ही निवड मनमानी नव्हती. दृष्टान्तामागून दृष्टान्त देत जाणाऱ्या ज्ञानदेवांनीच ती वाट दाखवून ठेवली होती. विजया राजाध्यक्षांचा मर्ढेकरांच्या कवितेवरचा ग्रंथही असाच धीरानं केलेला. असा धीर आता दुर्मीळ झालाय. संग्रह उदंड निघतात, आणि परीक्षण म्हणून बहुतेकदा कवितांचा गोषवारा छापून येतो.

सर्वांत जास्त अन्याय नामदेव ढसाळांवर झाला, असं मला वाटतं. त्यांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह येऊन पन्नास वर्षं उलटली. तेंडुलकरांच्या प्रस्तावनेपासून त्यातल्या अनोळखी वस्तीबद्दल, तिथल्या शब्दांबद्दल बोललं गेलं. ते आवश्यकच होतं. पण ढसाळांच्या ओळीचा श्वास, शब्दांवर शब्द रचत जायची त्यांची रीत यांवर त्या मानानं फार थोडं लिहिलं गेलंय. त्या संग्रहातली ‘माणसाने’ ही कविता पाहा. विध्वंसाच्या आज्ञांमागून आज्ञा येत राहतात, अंगावर येतील अशा, आणि शेवटाकडे सूर पालटून माणसामाणसांतल्या एकोप्याची मागणी होते. विद्रोहाचा नमुना म्हणून ही कविता सगळे सांगतात. पण तो सूर नेमका कुठल्या ओळीशी वळतो? आधीचा सगळा विध्वंस त्या मागणीला बळ देतो, की तिच्यावरचा विश्वासच उडवतो? एक अख्खा प्रबंध या वळणावर उभा राहू शकतो.