गृहपाठातले गृह कोणाचे?

नवीन जालन्यातल्या आमच्या वस्तीत तिसरीतल्या एका मुलीच्या वहीवर तांबड्या शाईत शेरा होता : ‘पालक लक्ष देत नाहीत.’ आई ती वही सहीसाठी माझ्याकडे घेऊन आली. मी वाचून दाखवला तेव्हा तिला शेरा कळला. म्हणाली, “रोज बसते की हिच्याजवळ. ही वाचती, मी ऐकती. अजून काय लक्ष द्यायचं, भाऊ?”

समीक्षा करायची ती या शेऱ्याची. त्याने गृहीत धरलेले गृह पांढरपेशाचे आहे; तिथला बाप संध्याकाळी मोकळा असतो आणि शिकलेलाही असतो. आपले वक्तेसुद्धा अशा वेळी रामजी सकपाळांचा दाखला देतात. रामजींनी परळच्या एका खोलीत भीमरावांना रात्री दोनला अभ्यासाला उठवले, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकले, हे खरेच. पण रामजी सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते, हे भाषणात राहून जाते. त्या मापाने निरक्षर आईला मोजणे हा अन्याय आहे, आणि तो आपणही करतो.

मांग समाजातल्या १४ वर्षांच्या मुक्ताबाईचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती. त्या शाळेने घराकडे बोट दाखवले असते, तर तो निबंध आपल्याला मिळाला असता का? केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटले. तिसरीपासूनचे काय?

मी सही केली नाही. शेऱ्याखाली मुलीनेच लिहिले : ‘मी वाचते, आई ऐकते.’ वही आता गुरुजींकडे आहे.